ओटी नसलेले घर

सांताक्रूझ स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला 'एसएनडीटी, जुहू' एवढे म्हटले की तो मीटर टाकतो. विद्यापीठाचे पूर्ण नाव त्याला ठाऊक नसते. खरे सांगायचे तर आत शिकणाऱ्या किती मुली ते एका दमात म्हणतील, शंकाच आहे. पार्ल्याचे मणिबेन नानावटी, घाटकोपरचे पी. एन. दोशी ही महिला महाविद्यालये याच विद्यापीठाची. उपनगरातल्या कितीतरी आई-मावश्यांच्या कपाटात त्याचे प्रमाणपत्र असते. त्या प्रमाणपत्राचा मूळ पत्ता मात्र पुण्याचा. कर्वेनगर, म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. तिथे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात एक झोपडी जपून ठेवली आहे.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुण्यातच. मग प्लेग आला आणि गावात राहणे धोक्याचे झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले. ५०० रुपयांत झोपडी उभी राहिली, १९०० साली आश्रम तिथे गेला. कॉलेज आटोपले की कर्वे सामानसुमान घेऊन पायी हिंगणे गाठायचे. पावसाळ्यात ती वाट म्हणजे नुसता चिखल.

या झोपडीत वास्तुकला कसली बघायची? बघायची ती पेठेतला वाडा डोळ्यांपुढे आणून. वाड्यात ओटी पुरुषांची. बैठक, तक्क्या, पानाचा डबा, आल्यागेल्याशी बोलणे, सगळे तिथे. बायका माजघरात. आणि सोवळी बाई त्याच्याही मागे, चुलीपाशी नाहीतर परसदारी. घराचा नकाशाच सांगायचा कोणी कुठवर यायचे ते. पाचशे रुपयांच्या झोपडीत ओटी निराळी नि माजघर निराळे करायला जागा कुठून येणार? जिला आजवर मागच्या दाराने वावरायची सवय, तिच्या घराला इथे मागची बाजूच उरली नाही. कर्व्यांनी हे ठरवून केले असे मी म्हणणार नाही. पैसे तेवढेच होते.

एक बाई मात्र या घराबाहेरच राहिली. गोदूबाई १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेल्या, गिरगाव चौपाटीजवळ. सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई झाल्या. लोक त्यांना बाया म्हणत. आश्रमात मुलगी धाडली तर तिचेही लग्न लावतील, ही पालकांची धास्ती. म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाचे काम आणि आश्रम वेगळे ठेवले, आणि बायांना आश्रमात हवा तसा वाव मिळाला नाही. त्यांच्या विधवा बहीण पार्वतीबाई आठवले मात्र आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. बायांची खंत 'माझे पुराण'मध्ये वाचायला मिळते.

१९१६ साली हिंगण्यातच महिला विद्यापीठ सुरू झाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे नाव लागले. १९३६ साली मुख्यालय मुंबईत आले. पंधरा लाखांना पाचशेने भागले तर तीन हजार झोपड्या होतात. गणिताच्या मास्तरांनी हा भागाकार मनातल्या मनात केलाच असेल.