मेळघाटातलं माहेरघर

अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही ‘डफरीन’ म्हणतात, अकोल्याच्या रुग्णालयाला ‘लेडी हार्डिंग’. दोन्ही नावं व्हाइसरॉयांच्या पत्नींची. 1885 साली लेडी डफरीन यांच्या नावानं निधी उभा राहिला. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरसमोर येत नव्हत्या, म्हणून त्यांच्यासाठी स्त्री डॉक्टर आणि परिचारिका तयार करायच्या होत्या. बायका दवाखान्याच्या रीतीत बसेनात, तेव्हा दवाखान्यानं आपली रीत बदलली. मेळघाटातल्या बाळंतपणाविषयी लिहिताना हे आधी सांगावंसं वाटतं.

मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत कोरकू आदिवासींची मोठी वस्ती आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ लावलं की अनेकवचन. त्यांची भाषा मराठीच्या गोतातली नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची बहीण. अडलेल्या कोरकू बाईला धारणीहून अमरावतीला हलवतात, तेव्हा हरिसाल, सेमाडोह, मग घाट उतरून परतवाडा, असा दीडशेएक किलोमीटरचा प्रवास होतो. पोचल्यावर भोवतीचं बोलणं तिला पुरतं उमगत नाही. दाई गावातच राहिलेली असते, सासू दाराबाहेर थांबलेली. उकिडवं बसून कळा द्यायची सवय, आणि इथे टेबलावर उताणं निजायचं. मागे लहानगी पोरं, बकऱ्या, बुडालेली मजुरी. तरी आपणच विचारतो, ‘ह्या बाया दवाखान्यात येत का नाहीत?’

शेगावच्या डॉ. रवींद्र कोल्हे यांनी 1985 च्या सुमारास मेळघाटातल्या बैरागडला दवाखाना थाटला. हरिसालपासून पुढे चाळीस किलोमीटर पायी चालायची तयारी, ही त्यांची लग्नाची एक अट होती. ती अट मानून 1988 मध्ये डॉ. स्मिता नागपूरची चालती प्रॅक्टिस सोडून तिथे आल्या. त्यांचं बाळंतपण बैरागडच्या घरातच झालं. बाळाला न्यूमोनिया आणि मेंदूज्वर झाला, तेव्हा सगळ्यांनी अकोल्याला न्यायला सांगितलं. स्मिताताईंनी नकार दिला. गावातल्या पोरांना जे उपचार मिळतात तेच माझ्या बाळाला, असं त्यांनी ठरवलं. बाळ वाचलं, आणि गाव त्यांना आपलं मानू लागलं. असा धोका कुणी पत्करावा असं मी म्हणणार नाही. पण विश्वास किती महाग असतो, हे त्यातून कळतं. कोल्हे दाम्पत्याला 2019 साली पद्मश्री मिळाली.

तोच विश्वास सरकारी चौकटीत आणण्याचा मला सर्वांत आवडलेला प्रयत्न म्हणजे ‘माहेरघर’. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात एक खोली. दिवस भरत आले की चार-पाच दिवस आधीच गरोदर बाईनं तिथे येऊन राहायचं. लहान मूल आणि घरचं एक माणूस सोबत. जेवण मिळतं, बुडीत मजुरीची भरपाईही ठरलेली आहे. नदीनाल्याला पूर आला की वाट बंद होते, तेव्हा ही खोली जीव वाचवते. पण जिथे चूल थंड, पाणी नाही आणि कोरकूत बोलणारं कुणी नाही, तिथे नुसत्या पाटीनं माहेर होत नाही.

घरचं बाळंतपण गोंडस करून दाखवण्यात अर्थ नाही. अंगात रक्त आधीच कमी असलेली बाई अतिरक्तस्रावात तासाभरात जाऊ शकते. तिला रक्त लागतं, प्रसंगी शस्त्रक्रियाही. मानानं वागवणं आणि सुरक्षित बाळंतपण यांत मात्र काही वैर नाही. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्ज इथे 1987 पासून ‘अलुकुरा’ हे आदिवासी स्त्रियांचं केंद्र आजी-पणजींच्या रीती सांभाळून चालतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2018 मध्ये सांगितलं की बाळंत होताना सोबत कोण हवं आणि बसायचं की निजायचं, हे त्या बाईनं ठरवावं.

असं मानानं वागवायला फार पैसा लागत नाही. मेळघाटात नेमणूक झालेल्या प्रत्येक डॉक्टरनं आणि नर्सनं रुजू होण्याआधी शंभर कोरकू शब्द शिकावेत, आणि डफरीनच्या, लेडी हार्डिंगच्या प्रसूतिकक्षात त्या बाईच्या सासूला किंवा दाईला आत येऊ द्यावं. एवढं या पावसाळ्याआधी करा.