फुलदाणीतलं पाणी बदललं, तरी डास का होतात?

टीव्हीशेजारी मनी प्लांटची बाटली, टीपॉयवर लकी बांबू, दारात फुलं तरंगणारी उरळी. घर छान दिसतं. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासालाही असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस जातात, म्हणून दर आठवड्याला पाणी बदला असं सांगतात.

खरी गोम पुढेच आहे. मादी अंडी घालते ती पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला. ती तिथे चिकटतात, कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. त्यामुळे भांडं आतून ब्रशने घासायलाच हवं. तोंड अरुंद असेल तर मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून जोरात हलवा. काढलेलं पाणी कोरड्या मातीवर ओता. एवढा व्याप नको असेल तर सुकी फुलं ठेवा, तीही काही वाईट दिसत नाहीत.