सोयाबीनमधील स्त्रीमदजनसदृश द्रव्ये

आहारातील वनस्पतिजन्य द्रव्यामुळे प्राण्याच्या प्रजननक्षमतेवर आघात होऊ शकतो, ही गोष्ट प्रकर्षाने ध्यानी आली ती पश्चिम ऑस्ट्रेलियातील कुरणांवर. तेथे क्लोव्हर या द्विदल चाऱ्यावर चरणाऱ्या मेंढ्यांमध्ये वंध्यत्व बळावत चालले होते. बेनेट्स, अंडरवुड व शियर यांनी १९४६ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. क्लोव्हरमधील फॉर्मोनोनेटिन या आयसोफ्लाव्होनापासून मेंढीच्या पोटातील सूक्ष्मजंतू इक्वॉल हे संयुग बनवितात, आणि ते स्त्रीमदजनाप्रमाणे, म्हणजे ईस्ट्रोजेनाप्रमाणे, कार्य करते, हे पुढे सिद्ध झाले. सोयाबीनमधील डेडझाइन ही या रूपांतरातील मधली पायरी होय. तेव्हा सोयाबीन खाणाऱ्या मनुष्याचीही मेंढीसारखीच गत होईल की काय, ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

परंतु या साम्यातच फसगत आहे. मेंढीचे सारे पोषण त्या एका चाऱ्यावर, आणि तिच्या पोटातील रूपांतरही मोठ्या प्रमाणावर होणारे. मनुष्यात हे कार्य आतड्यातील विशिष्ट जंतूंवर अवलंबून असते व ते सर्वांच्या ठायी नसतात. पाश्चात्त्य लोकांपैकी सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश, तर जपानी लोकांपैकी सुमारे निम्म्या व्यक्तींतच इक्वॉल तयार होते. शिवाय स्त्रीमदजनाचे ग्राही एकाच प्रकारचे नाहीत. बीटा ग्राहीचा शोध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सोयाबीनमधील प्रमुख आयसोफ्लाव्होन जेनिस्टाइन हे अल्फापेक्षा या बीटा ग्राहीशीच अधिक सहजतेने संयोग पावते असे आढळले. शरीरातील ईस्ट्राडायॉल मात्र दोहोंशीही दृढपणे संलग्न होते. 'वनस्पतिजन्य स्त्रीमदजन' हे रूढ नाव त्यामुळे काहीसे दिशाभूल करणारेच आहे.

पुरुषांवरील प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात टेस्टोस्टेरोन वा ईस्ट्रोजेन यांच्या रक्तातील प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. स्तनांचा कर्करोग झालेल्या शांघाय येथील ५,०४२ स्त्रियांच्या पाहणीत (२००९) तर अधिक सोया खाणाऱ्यांमध्ये मृत्यू व रोगाची पुनरावृत्ती ही दोन्ही कमी आढळली. मात्र टोफू व सोयादूध हे ज्या समाजाचे नित्याचे अन्न, त्याचे हे निरीक्षण आहे. औषधाच्या दुकानातील आयसोफ्लाव्होनांच्या गोळ्यांना तो निष्कर्ष लावणे युक्त नव्हे.

विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचे पीक उदंड असले, तरी त्याचा मोठा भाग तेलाच्या कारखान्यांत जातो, आणि शुद्ध तेलात आयसोफ्लाव्होने जवळजवळ नसतातच. ती मागे उरलेल्या पेंडीत व तिच्या पिठात राहतात. म्हणून हा प्रश्न सोयातेलाचा नसून सोयावडीचा व सोयादुधाचा आहे.

खरी सावधगिरी हवी ती अवटू ग्रंथीच्या बाबतीत. सोयापिठाच्या दुधावर वाढविलेल्या काही अर्भकांना गलगंड झाल्याच्या नोंदी १९५९ च्या सुमारास प्रसिद्ध झाल्या. त्या आहारात आयोडीन घालू लागल्यावर हा विकार आढळेनासा झाला. जेनिस्टाइन हे अवटू ग्रंथीतील पेरॉक्सिडेज एन्झाइमाला अटकाव करते, असे परीक्षानळीतील प्रयोगांत दिसले आहे. पण पुरेसे आयोडीन मिळणाऱ्या निरोगी प्रौढांत त्याचा विशेष परिणाम जाणवत नाही. ज्यांना लेव्होथायरॉक्सिनची गोळी रोज घ्यावी लागते त्यांची गोष्ट निराळी. सोयायुक्त अन्न गोळीच्या शोषणात व्यत्यय आणते, म्हणून दोहोंमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे लागते, आणि आहारात सोया नव्याने आले वा बंद झाले तर रक्ततपासणी करून मात्रा पुन्हा ठरवावी लागते.