अंकीय ध्वनिरूपांतरक
ध्वनिग्राहकाकडून (मायक्रोफोनकडून) आलेल्या अखंड विद्युत् संकेताचे संगणकास ग्राह्य अंकांत व अंकांचे पुन्हा संकेतात रूपांतर करणारे साधन. सेकंदास ४४,१०० नमुने घेतल्यास २२,०५० हर्ट्‌झच्या आतील कंप्रता नोंदता येतात. मानवी श्रवणमर्यादा सु. २०,००० हर्ट्‌झ असल्याने घरगुती ध्वनिमुद्रणात १,९२,००० नमुन्यांचा आग्रह बहुधा व्यर्थ ठरतो. २४ बिटांचा लाभ मात्र खरा आहे : गायकाचा आवाज अकस्मात चढेल म्हणून मुद्रणपातळी बरीच खाली ठेवली, तरी हळुवार स्वर गोंगाटात बुडत नाहीत. निवडीत पूर्ववर्धकाचा स्वतःचा गोंगाट व कंडेन्सर ध्वनिग्राहकासाठी ४८ व्होल्ट पुरवठा पाहावा. ४८,००० नमुनावेगास २५६ नमुन्यांच्या तात्पुरत्या साठ्यामुळे एकेका दिशेस सु. ५·३ मिलिसेकंद विलंब होतो आणि गायकास स्वतःचाच आवाज मागाहून ऐकू येतो. संगणकास वगळून थेट श्रवणाची सोय असल्यास तो टळतो.