विश्लेषण : नवी मुंबईची ‘हायपरलूप’ कुठे अडली?

नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन आणि मुंबई-पुणे हायपरलूपचा करार १८ फेब्रुवारी २०१८ या एकाच दिवशी झाले. विमानतळ रखडत रखडत का होईना, उभा राहिला. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली. या विमानतळाला मुंबई आणि पुण्याशी जोडणारी, २५ मिनिटांत प्रवास संपवणारी हायपरलूप मात्र कागदावरच राहिली.

तंत्र काय होते?

हायपरलूप म्हणजे ढोबळमानाने नळीत घातलेली मॅग्लेव्ह. मॅग्लेव्ह गाडी चुंबकीय बलाने मार्गापासून अलगद वर तरंगते. शांघायच्या गाडीत हे अंतर जेमतेम एक सेंटिमीटर, जपानच्या गाडीत दहाच्या आसपास. पुढे नेण्याचे कामही चुंबकच करतात. पंख्याची मोटार उलगडून मार्गावर सरळ अंथरावी, तसे. चाकांचे घर्षण गेले, तरी हवा आडवी येतेच. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. तरीही जपानने २०१५ मध्ये ताशी ६०३ किमी गाठले. हायपरलूपवाल्यांनी त्यापुढे जाऊन नळीतली बहुतेक हवाच काढून टाकायचे ठरवले.

मग अडले कुठे?

वांद्रे-कुर्ला संकुल ते वाकड हा मार्ग ११७.५ किमीचा. तो २५ मिनिटांत कापायचा तर सरासरी वेग ताशी २८० किमीच्या वर हवा. खर्चाचा अंदाज ७० हजार कोटींच्या घरात होता. राज्य सरकारने २०१९ मध्ये प्रकल्पाला सार्वजनिक पायाभूत सुविधेचा दर्जाही दिला. पण तोवर या गाडीत एकही माणूस बसला नव्हता! ती चाचणी झाली नोव्हेंबर २०२० मध्ये, अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात. पुण्याचे अभियंते तनय मांजरेकर हेही त्यात बसले. नळी ५०० मीटरची, वेग ताशी १७२ किमी. वेग धरतो न धरतो तोच ब्रेक. घाटातून जाणारी, उन्हात प्रसरण पावणारी शंभर किमीची नळी निर्वात कशी ठेवायची, याचे उत्तर एवढ्या तुकड्यावर मिळणे शक्यच नव्हते. २०२२ मध्ये कंपनी प्रवासी सोडून मालवाहतुकीकडे वळली आणि २०२३ च्या अखेरीस बंद पडली.

आता काय?

चाकांवरच धावणारी, ताशी ३२० किमी वेगाची बुलेट ट्रेन मात्र पुढे सरकते आहे. शिळफाटा-घणसोली दरम्यानचा सुमारे पाच किमीचा बोगदा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. पुढे सात किमी ठाणे खाडीखालून आहेत. नवी मुंबईकरांच्या पायाखालून ती जाईल, पण इथे तिचे स्थानक नाही. पकडायची तर ठाण्याचे किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाचे स्थानक गाठावे लागेल.