तळणीतलं दीड इंची भिंग

यवतमाळकरांचं मोठ्या लाइनवरचं जुनं स्टेशन धामणगाव. तिथून पुलगावकडे निघालं की मध्ये तळणी लागतं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींनी इथे तळ ठोकला होता. त्यांत वॉल्टर माँडर होते, त्यांच्या पत्नी अॅनी होत्या, जॉन एव्हरशेड होते. नदीपलीकडे पुलगावला न्यूऑल आणि हिल्स, जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला, विजयदुर्गाला लॉकियर. कोकणापासून बक्सरपर्यंत सावलीच्या वाटेवर ठाणी मांडलेली. एका ठिकाणी ढग आले, तर दुसरं हाताशी असावं!

या सगळ्यांत अॅनीबाईंचा कॅमेरा छोटा. भिंग जेमतेम दीड इंचाचं, तेही गर्टन कॉलेजच्या अनुदानातून घेतलेलं. ग्रिनिचच्या वेधशाळेतली गणनाची नोकरी लग्नानंतर सुटलेली, रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत बायकांना अजून प्रवेश नव्हता. पण विरळ, पसरट उजेड पकडायला लांबलचक दुर्बिणीपेक्षा आखूड नाभ्यंतराचं भिंग बरं, हे त्यांनी ओळखलं होतं. सुमारे दोन मिनिटांच्या अंधारात त्यांच्या काचेवर सूर्याभोवतीच्या किरीटाची (करोनाची) एक शलाका उमटली. तोवर एवढी लांब शलाका कुणाच्याच छायाचित्रात आली नव्हती.

पुढे १९०४ मध्ये वॉल्टर यांनी ग्रिनिचच्या नोंदी चाळून दाखवलं, की चुंबकीय वादळं सुमारे २७ दिवसांनी परततात, म्हणजे सूर्य स्वतःभोवती फिरताना अरुंद झोत फेकत असावा. युजीन पार्कर यांनी सूर्यातून वाहणाऱ्या कणांच्या या झोताचं, म्हणजे सौरवाऱ्याचं, गणित मांडलं ते १९५८ मध्ये.

मात्र जेऊर काय, तळणी काय, सगळे सूर्याच्या एकाच अंगाकडे बघत होते. शलाका आपल्याकडे झुकली आहे की पलीकडे, हे सपाट चित्रावरून कसं कळणार? त्यासाठी पृथ्वी सोडून बाजूला जावं लागतं. २००६ मध्ये सुटलेल्या स्टीरिओ मोहिमेच्या जोडयानांपैकी एक पृथ्वीच्या पुढे गेलं, एक मागे राहिलं. फेब्रुवारी २०११ मध्ये ती सूर्याच्या समोरासमोरच्या बाजूंना पोचली आणि सगळा सूर्य एकाच वेळी दिसला.

आपलं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. पुण्याच्या आयुकाचा ‘सूट’ त्यातून अतिनील सूर्य टिपतो, अहमदाबादचं ‘अस्पेक्स’ वाऱ्याचे कण प्रत्यक्ष मोजतं. पार्कर यान तर डिसेंबर २०२४ मध्ये सूर्यापासून ६१ लाख किलोमीटरपर्यंत शिरलं. राहिले होते ध्रुव. मार्च २०२५ मध्ये सोलर ऑर्बिटर यानाने सूर्याच्या विषुववृत्ताच्या १७ अंश खाली उतरून दक्षिण ध्रुवाची चित्रं घेतली.