‘नॉट फॉर बॉल’: माळावरच्या दुनळीची उलटतपासणी

दुनळी बंदुकीच्या नळ्या सुट्या करून उलट्या धरल्या की खालच्या अंगाला छापांची ओळ दिसते. बर्मिंगहॅमची असेल तर मुकुटाखाली फुलीसारखे राजदंड, लंडनची असेल तर मुकुटाखाली ‘जीपी’, आणि शेजारी बारीक आकडे. हे छाप वाचण्याचा मला जुना नाद आहे. शिकारीचा नाही. बंदूक किती लांब मारते यापेक्षा ती कोणी, कधी आणि कशापायी बदलली, हे मला जास्त ओढून घेतं. जुन्या बंदुकीत असे बदल हमखास सापडतात आणि विकणारा सहसा त्यांच्याविषयी अवाक्षर काढत नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला बंदुकांचं वावडं कधीच नव्हतं. विजापूरची ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ १६३२ मध्ये परंड्याहूनच गेली. पण तोफा गडाच्या, दुनळी माळाची. भूम, वाशी, कळंबपासून तुळजापूरपर्यंत बालाघाटाचे सडे आणि कुसळी गवताची रानं पसरली आहेत. तितर, लावा, बटेर, पखुर्डी, तणमोर आणि सगळ्यांचा राजा माळढोक, अशा जमिनीवर वावरणाऱ्या पाखरांचा हा मुलूख. फासेपारध्यांना त्यासाठी बंदूक लागत नसे. फास, जाळी आणि पिंजऱ्यातला बोलका तितर एवढ्यावर त्यांचं काम भागे. दुनळी आली ती साहेबाच्या आणि जहागीरदाराच्या खांद्यावरून.

१८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि मेडोज टेलर तिथे अधिकारी म्हणून आला. ठगांवरच्या कादंबरीने तो आधीच गाजला होता. पुढे ‘तारा’ या कादंबरीत त्याने तुळजापूर रंगवलं. १८६० मध्ये जिल्हा निजामाकडे परत गेला. टेलरच्या काळातली दुनळी ठासणीची असे. तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, कानावर टोपी बसवायची. मागून उघडणारी, काडतुसाची बंदूक १८५१ च्या लंडन प्रदर्शनात फ्रेंच कारागिरांनी इंग्रजांना दाखवली आणि पुढच्या वीस वर्षांत ठासणी मागे पडली. चांगल्या ठासणीच्या दुनळ्यांना मागून काप देऊन काडतुसाच्या करून घेण्याची लाट तेव्हाच आली. बदललेल्या दुनळीची वंशावळ इथून सुरू होते.

पण माझ्या मते खरी गंमत १८७५ ची आहे. त्या वर्षी लंडनच्या ‘द फील्ड’ साप्ताहिकाने बंदुकांच्या चाचण्या घेतल्या आणि बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरच्या चोक नळ्यांनी बाजी मारली. चोक म्हणजे नळी तोंडाशी किंचित आवळलेली. पूर्ण चोकमध्ये हा आवळ जेमतेम एक मिलिमीटरचा, पण तेवढ्याने छर्रे फाकत नाहीत. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात सुमारे सत्तर टक्के छर्रे बसतात. सगळ्यांना चोक हवाहवासा झाला. मग नळ्यांची चाचणी घेऊन छाप मारणाऱ्या प्रूफ हाऊसच्या लक्षात आलं की अशा नळीतून पूर्ण मापाची शिशाची गोळी डागली तर ती आवळलेल्या तोंडात अडकून नळी फुटू शकते. म्हणून १८७५ ते १८८७ या काळातल्या चोक नळ्यांवर ठसा पडला: ‘नॉट फॉर बॉल’. छर्ऱ्यांपुरतीच वापरा, गोळी घालू नका.

विलायतेतल्या जमीनदाराला याचं सोयरसुतक नव्हतं. त्याच्या समोर फेजंट उडायचे. हिंदुस्थानातल्या शिकाऱ्याची मात्र पंचाईत झाली. इथे तितरामागे चालताना तुरीतून रानडुक्कर उठतं. एका नळीत छर्रा, दुसरीत गोळी, अशी तयारी त्याला लागे. त्यामुळे इथल्या अनेक बंदुकांचा चोक कोणी ना कोणी घासून काढला. संग्राहक अशी नळी पाहून हळहळतात. मला ते पटत नाही. ती नळी माळावरच्या गरजेने बदलली आहे. तिचा ठसा एक सांगतो, तिचं तोंड दुसरं, आणि दोन्ही खरं आहे.

या पेचावर तोडगा काढणारा माणूस हिंदुस्थानी फौजेतलाच होता. जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी. १८६३ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत हातची गेलेली एक चौकी परत घेण्यात पुढाकार घेतल्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लढाईनंतरही त्याचं डोकं बंदुकीतच राहिलं. १८८५ मध्ये त्याने पेटंट घेतलं: सबंध नळी गुळगुळीत, फक्त तोंडाशी शेवटचे काही इंच पिळाच्या खाचा. छर्रे पूर्वीसारखे जातात, गोळी मात्र शेवटच्या क्षणी गिरकी घेऊन रायफलीसारखी सरळ सुटते. हॉलंड अँड हॉलंडने पेटंट विकत घेतलं आणि ‘पॅराडॉक्स’ या नावाने ती बंदूक काढली. एकाच हत्यारात तितर आणि डुक्कर दोन्ही. पेटंटची मुदत संपल्यावर वेस्टली रिचर्ड्सने ‘एक्सप्लोरा’ आणली. फॉस्बेरी १९०७ मध्ये वारला. आज त्याचं नाव निघतं ते बहुधा वेब्ली-फॉस्बेरी रिव्हॉल्व्हरपुरतं. माळाच्या दृष्टीने त्याची पॅराडॉक्स जास्त मोलाची.

पुढचा बदल दारूचा. काळ्या दारूच्या जागी बिनधुराची नायट्रो आली. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या, अंगावर लहरी उमटलेल्या डमास्कस नळ्यांना काळ्या दारूचीच सवय. ज्या नळ्यांची नायट्रो चाचणी झाली, त्यांवर तसा छाप असतो. नसेल तर आजचं काडतूस घालणं म्हणजे हात गमावण्याची तयारी. दुसरा बदल काडतुसाच्या घराचा. जुनी इंग्रजी दुनळी अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी केलेली असते. आजची काडतुसं ७० मिलिमीटरची. मग कोणीतरी घर खोदून लांबवतं आणि तिथलीच भिंत पातळ होते. तिसरा उद्योग नळी आतून रंधण्याचा: गंज काढायला नळी घासली की व्यास वाढतो. छापात ‘१३/१’ असेल तर मूळ व्यास ०.७१९ इंच, ‘१२’ असेल तर ०.७२९. मापात एक शतांश इंचाची वाढ दिसली की ब्रिटिश नियमाने ती नळी नव्या चाचणीशिवाय विकता येत नाही. चौथा, जुन्या नळ्या मुळाशी कापून आत नव्या बसवणं. विलायतेत हे काम झालं की तसा छाप लागतो. गुपचूप झालं असेल तर कळतं फक्त जोडाच्या बारीक रेषेवरून.

या सगळ्यात वाईट काय? बदल नव्हे. लपवलेला बदल.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या आणि पहिली चकमक नळदुर्गलाच झाली. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, आणि दुनळीचे जुने मालकही. पाखरांच्या शिकारीचा शेवट मात्र दिल्लीतल्या कायद्यांनी केला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात लहान शिकारीचे परवाने काही काळ होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. १९७९ मध्ये शेजारच्या सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झालं आणि आज तिथल्या नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते. देशभरातले माळढोक दीडशेच्या आत आले आहेत.

परदेशी बंदुका आणणं १९८० च्या दशकात जवळपास बंद झालं, म्हणून जुन्या इंग्रजी दुनळीला आज भाव आहे. घ्यायची असेल तर आधी परवाना, मग अधिकृत विक्रेता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारं. आणि नळी परवान्याविना आखूड करणं हा गुन्हा, मग ती कितीही जुनी असो. वीस इंचांहून कमी नळीची बंदूक निषिद्ध गटात जाते. ‘जुनीपुराणी आहे, कायदा लागत नाही’ असं विक्रेता म्हणाला तर विचारा: दुरुस्त करून चालू होईल का? होईल, तर ती कायद्याने हत्यारच.

तितरासाठी म्हणाल तर धाराशिवमध्ये अशी दुनळी घेण्याला आज काडीचा अर्थ नाही. कायदेशीर निशाणा उरलाच असेल तर पिकं उद्ध्वस्त करणारं रानडुक्कर, तेही वनखात्याच्या परवानगीने. त्या कामाला गोळी लागते. म्हणजे ज्या बंदुकीचा चोक जसाच्या तसा राहिला आणि जिची संग्राहकात किंमत सर्वांत जास्त, ती इथे शोभेपुरती. आणि कधीतरी एखाद्या कारागिराने घासून ‘खराब’ केलेली, पण चाचणीच्या मापात अजून बसणारी दुनळी शेतकऱ्याच्या कामाची. माझं मत विचाराल तर पैसे मोजायचे असतील तर दुसरीसाठी मोजा. मात्र विकत घेण्याआधी जाणत्या बंदूक-कारागिराकडून तिची मापं घेऊन तपासणी करून घ्या, कारण विक्रेता सांगणार नाही ते ती नळीच सांगेल.